नरसम्मा आणि गालावरची खूण

बालकगृहातल्या प्रत्येक मुलाच्या गालावर नरसम्मा रोज सकाळी काजळाची तीट लावीत असे. एका विश्वस्तांनी तिला एकदा सुनावले की, या मुलांकडे पाहायला येते कोण, आणि दृष्ट लागणार कुणाची? हात न थांबवता तिने उत्तर दिले, "आईबाप न्हाईत म्हनून रूप बी न्हाय व्हय त्यास्नी?"

या बाईविषयी सोलापुरात एक कथा सांगितली जाते. सुमन नावाची मुलगी परदेशी जाऊ नये म्हणून नरसम्माने फोटोच्या वेळी तिच्या गालावर मुद्दाम खोटी खूण केली आणि सुनावणीच्या दिवशी पुसून टाकली, अशी. त्या वेळी जन्मालाही न आलेल्या एका वकिलाने परवा ती मलाच ऐकवली. ही कथा खोटी आहे. त्या प्रकरणातला वकील मी होतो.

नरसम्मा एका पद्मशाली विणकराची विधवा. घरी तेलुगू बोलणारी, बाहेर आमची सोलापुरी मराठी. विड्या वळणे सोडून ती बालकगृहात आया म्हणून आली. मूल निवडायला येऊन त्याचे हातपाय चाचपणाऱ्यांना ती म्हणे, "दाबून बघाया ती पेरू हायत व्हय?" सुमन तिच्याकडे आली तेव्हा नऊ दिवसांची होती, आणि पुढे दीड वर्ष तिच्याच कुशीत झोपली.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास एका स्वीडिश दांपत्याने सुमनला मागितले. परदेशी माणसाला तेव्हा येथे दत्तक घेता येत नसे. जिल्हा न्यायालयाने त्याला पालक नेमावे, मूल देशाबाहेर नेण्यास परवानगी द्यावी आणि दत्तकविधान त्याच्या देशात व्हावे, असा मार्ग होता. अर्ज मी लिहिला. ओळखीच्या खुणेचा रकाना रिकामा सोडणे मला कमीपणाचे वाटे. मुलीला पाहण्याची तसदी मी घेतली नाही. फोटोत डाव्या गालावर काळा ठिपका दिसला, आणि 'जन्मखूण' असे लिहून मी मोकळा झालो. मराठी घरात वाढलेल्या माणसाच्या या चुकीला क्षमा नाही.

सुनावणी उन्हाळी सुटीच्या आदल्या दिवशी लागली. स्वीडिश बाई आठवडाभर लॉजमध्ये मुक्काम ठोकून होती. तिच्या सरकारची परवानगी सुटी संपण्याआधीच संपत होती. त्या दिवशी हुकूम न झाल्यास सारे पहिल्यापासून, किंवा कदाचित काहीच नाही. नरसम्माला हे मी बजावून सांगितले होते. तिने मुलीला न्हाऊ घातले, नवे झबले घातले. "कोर्टात काळं लावून कसं न्यायचं," असे ती दाराशी म्हणाली, आणि तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

न्यायाधीशांनी अर्ज वाचला, मुलीकडे पाहिले, पुन्हा अर्ज वाचला. "वकीलसाहेब, जन्मखूण कुठे आहे? ही तीच मुलगी कशावरून?" मी अर्जाची प्रत चाळू लागलो. स्वीडिश बाईला शब्द कळत नव्हते, पण हातातली लहानशी लोकरी टोपी ती पिळू लागली होती. न्यायाधीश पुढची तारीख देण्यासाठी लेखनिकाकडे वळले.

त्या क्षणी नरसम्माने केवळ गप्प राहायचे होते. सुमन तिच्यापाशीच राहिली असती.

"सायब, थांबा की जरा," ती म्हणाली. कनवटीची डबी काढून तिने काजळाचे बोट मुलीच्या गालावर टेकवले. "आता फोटू धरा शेजारी. हीच हाय. रोज म्याच लावतीया."

न्यायाधीशांनी बराच वेळ फोटो न्याहाळला. "मग हिला जन्मखूण कुणी म्हटले?"

नरसम्माने माझ्याकडे पाहिले. मी कागदांकडे पाहिले.

"मीच सांगितलं आसंल, सायब. अडानी बाई."

तिला सर्वांसमक्ष ताकीद मिळाली. बालकगृहाच्या डॉक्टरांची साक्ष घेऊन दुपारी हुकूम झाला. लोकांच्या कथेचे मूळ येथे आहे: तिच्या खोट्या कबुलीत आणि माझ्या गप्प बसण्यात.

व्हरांड्यात ती स्वीडिश बाईला मुलीची पाठ कशी थोपटायची ते दाखवीत होती. "आसं न्हाय ओ बाई, हळू. ती दचकतीया." ती बाई मान डोलावत तसेच करून पाहत होती. मी विचारले, "नरसम्मा, खोटे का बोललीस?"

"तुमचं नाव गेलं, तर मागं ऱ्हायलेल्या पोरांचे कागद कोन करनार, वकीलसायब?"

मग तिने सुमनला त्या बाईच्या कडेवर दिले. मुलगी रडू लागली, तशी नरसम्मा पाठ फिरवून चालू लागली. संध्याकाळच्या जेवणाला बाकीची मुले खोळंबली होती.

पुढे मी अशा अनेक मुलांचे अर्ज लिहिले, आणि प्रत्येक मूल आधी मांडीवर घेऊन पाहिले. नरसम्मा त्यानंतर अकरा वर्षे जगली. चूक माझी होती, असे एका ओळीचे निवेदन मी त्यांतल्या कोणत्याही दिवशी देऊ शकलो असतो. ते आज देतो आहे.