अनिताच्या हातची मोटार

तुमच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीत तार कुणी भरली, कधी विचारलंत?

वडिवळ्यात ती अनितानं भरली. दुकान नवऱ्याचं, मारुतीचं. पण वेढे मोजत तांब्याची तार गुंडाळायची ती. मी तिला एकदा डेव्हनपोर्टची गोष्ट सांगितली. अमेरिकेतला लोहार. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी त्यानं विजेच्या चुंबकांवर मोटार फिरवली. तारेला तार भिडू नये म्हणून बायकोनं लग्नाचा रेशमी झगा फाडून दिला म्हणतात. पेटंट मिळालं, तरी माणूस कंगालच मेला.

"झगा तिचा, नाव त्याचं!" अनिता फणकारली.

"तू शालू फाड, पाटीवर तुजं नाव लावतो," मारुती म्हणाला.

"आदी पाटी लाव. शालूचं मग बगू."

लावली त्यानं. 'मारुती-अनिता मोटार वायंडिंग'.

मार्चमध्ये धरणाकाठी हौशीरामभाऊंची मोटार जोडायला मारुती गेला. लाइन बंद करायला वायरमनला फोन केला. "बंद केलीय, जोड." लाइन बंद असल्याचा लेखी परवाना आपल्याकडं कोण घेतो? मीही घेतलेला न्हाई. पंधरा मिनिटांत लाइन चालू झाली, तेव्हा तारेची उघडी टोकं मारुतीच्या हातात होती. तिथंच गेला.

वीज कंपनीच्या साहेबानं चौकशीत लिहिलं, 'वायंडिंग कच्चं, मोटारीच्या अंगात करंट उतरला.' अहो, मोटार खोललीसुद्धा न्हाई! वर साहेब अनिताच्या तोंडावर म्हणाला, "ताई, मोटार म्हणजे स्वेटर नाही."

"मग खोला की साहेब! माजं काम कच्चं निगालं तर पुन्यांदा तारेला हात लावणार न्हाई."

साहेबानं फाइल मिटली.

आता तिच्याकडं कुणी मोटार आणत न्हाई. नवरा गेला तो गेलाच, वर त्याला मारल्याचा ठपका तिच्या बोटांवर. ती रोज दुकान उघडते, पाटी पुसते, बसून राहते.

हौशीरामभाऊ ती मोटार शुक्रवारी भंगारात देणार. "लय झालं, ते लोखंड नको दारात," म्हणतात. मी भांडून गुरुवारपर्यंत थांबवलंय. त्या दिवशी अनिता स्वतः मोटार खोलणार, वेढ्यांतून करंट गळतो का ते दाखवणारा मेगर लावून सगळ्यांसमोर तपासणार. काम कच्चं निघालं तर तेही मी या पत्रकासारखंच छापून वाटीन.

तळेगावच्या कारखान्यात मोटारींवर काम करणाऱ्यांनो, गुरुवारी सकाळी दहाला वडिवळ्यात या. मोटारीच्या आत डोकावा. आणि जे दिसेल, त्याखाली आपल्या नावानं सही करा.