दाजींच्या होडीवरचा वायरलेस

माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, भुसावळच्या पुढे तापीकाठी दिलेली आहे. धरणाचं पाणी तिथं इतकं पसरलेलं आहे की पलीकडची माणसं ठिपक्यांएवढी दिसतात. दाजी, म्हणजे तिचा नवरा, त्या पाण्यावर इंजिनाची होडी चालवतात. सकाळी मजुरांना पलीकडच्या केळीच्या बागांत सोडायचं आणि दुपारनंतर परत आणायचं. मी जळगावात मेहरूणला राहतो. निवृत्त होईपर्यंत सरकारी वायरलेस सेट दुरुस्त करणं हीच माझी नोकरी होती, त्यामुळे होडीवर सेट बसवायची वेळ आली तेव्हा अक्कानं मलाच फोन केला.

झालं होतं असं की, एका संध्याकाळी पाण्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं. मोबाईलला तिथं रेंज नसते. दाजी बांबूनं ढकलत, वल्हवत अंधार पडता पडता काठाला लागले, आणि तोवर अक्का काठावर उभीच होती. ती रागावली नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पाण्यावर फोन लागत नाही. लागला तरी हे उचलत नाहीत. तुह्या त्या वायरलेसचं काही जमते का पाहा."

दाजींना हे मुळीच नको होतं. आपण काय समुद्रात जातो का, असं त्यांचं म्हणणं. पण अक्कानं ऐकलं नाही, आणि मच्छीमार सोसायटीनं आपल्या सभासदांच्या होड्यांसाठी वायरलेसची परवानगी आधीच काढलेली होती. दाजी सभासद होते, तेव्हा तीही अडचण राहिली नाही.

जळगावात असला सेट मिळत नाही. मुंबईच्या एका दुकानदाराला फोन लावला. त्यानं पहिलंच विचारलं, बंदर कोणतं? मी जळगाव म्हटल्यावर तो हसायलाच लागला. पण मग सगळं नीट विचारून घेतलं त्यानं. माझ्या मनात हातात धरायचा छोटा सेट होता. तो म्हणाला, तो पाण्यात पडतो, नाहीतर चार्ज करायचा राहतो. होडीला पक्का बसवलेला सेट होडीच्याच बॅटरीवर चालतो, त्याला ताकद जास्त, आणि त्याची एरियल उंचावर लावता येते. मला ते पटलं. मग नकाशा दाखवणारे, आजूबाजूची जहाजं दाखवणारे महागडे सेट बाजूला ठेवले. मोठे ठळक आकडे, ओल्या हातानं फिरवता येईल असं बटण, आणि इंजिनाच्या आवाजावर मात करणारा वेगळा स्पीकर, एवढं मी मागितलं. तसेच दोन घेतले, एक होडीला आणि एक अक्काच्या घराला.

बसवायला मी मुक्कामालाच गेलो. होडीच्या पत्र्याच्या छपराला पाईप बांधून त्यावर एरियल चढवली. बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढली आणि बॅटरीजवळच फ्यूज टाकला. सेट छपराखाली उजव्या हाताला लावला, कारण सुकाणू दाजी डाव्या हातानं धरतात. स्पीकरही त्याच बाजूला. इंजिनाचा घरघराट सेटमध्ये शिरत होता, तो वायर इंजिनापासून लांबून फिरवल्यावर थांबला. दाजी पाना-पक्कड हातात देत होते.

मग आम्ही दोघंच पाण्यावर गेलो. अक्कानं घरून हाक मारायची होती. तिथं नवीच अडचण आली. रेडिओवर ज्याला बोलवायचं त्याचं नाव घ्यावं लागतं, आणि ती नवऱ्याचं नाव घेईना. शेवटी "आमची होडी, आमची होडी" असा तिचा आवाज आला, अगदी स्वच्छ. मी खूश होऊन दाजींकडे पाहिलं. ते पाण्याकडे बघत सुकाणू धरून बसले होते. आवाज पुन्हा आला. तरीही ते हलले नाहीत. मी त्यांच्याकडे पाहतोय हे लक्षात आल्यावर त्यांनी घाईनं माईक उचलला आणि म्हणाले, इंजिनाचा आवाज फार आहे.

मला तेव्हा कळलं. जेवताना ते नेहमी उजव्या बाजूला भिंत येईल असं बसायचे, लग्नात बोलणाऱ्याच्या समोर जाऊन उभे राहायचे, आणि मी ते त्यांचा स्वभाव समजत होतो. फोन का उचलत नाहीत, तेही समजलं. मी एवढंच म्हणालो, "दाजी, इकडून पाण्याचे शिंतोडे येतात. स्पीकर डावीकडे घेऊ."

त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं. "घे," म्हणाले.

घरी आल्यावर मी अक्काला हळूच विचारलं. तिला केव्हाचंच माहीत होतं. मजुरांना कळलं तर ते होडीत बसायला भितील, ही दाजींची धास्ती, आणि त्यांनी सांगितल्याशिवाय आपण बोलायचं नाही, हा तिचा निश्चय. मीही बोललो नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी दाजी पलीकडे मजूर होडीत घेत होते. अक्काला घरामागून पश्चिमेकडे धुळीचा लोट उठलेला दिसला. तिनं सेटवर सांगितलं, "निघू नका. तिकडेच थांबा." दाजींनी लगेच माणसं उतरवली आणि होडी बांधली. थोड्याच वेळात असं वावधन सुटलं की काठच्या केळीच्या बागा आडव्या झाल्या. सगळे संध्याकाळी सुखरूप परत आले.

पुढच्या खेपेला मी गेलो तेव्हा दाजी मला होडीवर घेऊन बसले. बराच वेळ दोरी गुंडाळत राहिले, मग म्हणाले, "मले उजव्या कानानं ऐकू येत नाही. तुले ठाऊक व्हतं ना?"

"होतं."

"मंग बोलला काबर नाही?"

"म्हटलं, तुम्हीच सांगाल."

ते मान हलवून हसले. त्याच आठवड्यात मी त्यांना जळगावला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आता घरात ते कानाला मशीन लावतात. होडीवर काढून ठेवतात, कारण इंजिन त्यात फार किंचाळतं. अक्काची तक्रार अशी की आता तिचं पुटपुटणंही त्यांना ऐकू जातं.