उसने ते उसनेच

पडदे शिवण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. सगळे तिला पडदेवालीच म्हणत. बोलायला मऊ, पण मापाला पक्की.

टेम्पोवाल्याशी तिचं लग्न होणार, हे घरच्यांनी धरूनच ठेवलं होतं. तेव्हा त्याच्याकडे टेम्पो नव्हता. जुना एक मिळत होता, पैसे कमी पडत होते. तिने गाठीचे काढून दिले. "उसने हं," म्हणाली. तो हसला. पुढे वर्षभरात त्याचं येणं कमी होत गेलं आणि एक दिवस थांबलं. भांडण नाही, तंटा नाही. पैशांबद्दलही कोणी अवाक्षर काढलं नाही.

मग तिचं शिलाई मशीन कुरकुरायला लागलं. नवं घ्यायला ती कर्ज काढणार, हे ऐकून मोठी बहीण भडकली.

"तुझेच पैसे चाकं लावून गावभर फिरताहेत, आणि तू कर्ज काढतेस?"

"मागायला लाज वाटते गं ताई."

"घेणाऱ्याला वाटत नाही, तुला कसली?"

ती गेली. गोदामाबाहेर तो मालावर दोरी आवळत होता. तिने सरळ विषय काढला.

"तेव्हा आपण तुझं-माझं कुठे करत होतो?" तो म्हणाला.

"जीव लावला, तो परत मागायला आले नाही. तो देताना उसना म्हटलं नव्हतं. पैशांना म्हटलं होतं."

त्याने दोरीची गाठ पुन्हा आवळली. मग म्हणाला, "रोख नाही माझ्याकडे. तुझे पडदे पोचवतो, भाडं वळतं करून घे."

तिला ते पटलं. दर आठवड्याला टेम्पो दारात येऊ लागला. मागे पडद्यांचे गठ्ठे आणि दांड्या, पुढे ती दोघं. आधी नुसती गाडीच बोलायची. मग तो तिच्या कंबरदुखीची चौकशी करायला लागला, वाटेत चहाला थांबायला लागला. निघण्याआधी तीही आरशापुढे जरा जास्तच रेंगाळायला लागली.

ताईच्या नजरेतून काही सुटत नाही. "वसुली कुठवर आली?" तिने विचारलं.

पडदेवालीला सांगता येईना. कापडाचा बोटभर तुकडा वाया गेला तरी जिच्या ध्यानात राहायचं, तिने भाड्याचा हिशोब कधीच सोडून दिला होता. त्या दुपारी एकच शिवण तिने दोनदा उसवली. कर्ज फिटू नये असं आपल्यालाच वाटतंय, हे तिचं तिला कळून चुकलं.

पुढच्या खेपेला गिऱ्हाइकाच्या फाटकाशी उतरताना ती म्हणाली, "पुढच्या वेळी येऊ नकोस. राहिलेले रोख दे, जमेल तसे. दाजींच्या दुकानात नेऊन दे."

"माझं काही चुकलं का?"

"नाही. बरं चाललंय, म्हणूनच."

त्याने गठ्ठे खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यापर्यंत चढवले आणि तो गेला.

पैसे येत राहिले, थोडेथोडे, उशिरा. नवं मशीन आलं. नवा टेम्पोवाला बडबड्या आहे आणि दांड्या आपटतो. शेवटचा हप्ता मात्र रखडलाय. दाजी म्हणतात, "जाऊ दे आता, थोडक्यासाठी कशाला?"

"थोडके असले तरी माझे आहेत," ती म्हणते. "विचारा त्याला."