कानामागून आली

तानसेन नाही तर निदान कानसेन तरी असावं, असं म्हणतात. आमच्या गॅरेजवाल्याने ते फारच मनावर घेतलं होतं. गाडी दारात शिरायच्या आधीच तो आतून ओरडायचा, "तिसरा प्लग गेलाय!" आणि बहुतेक वेळा तिसराच गेलेला असायचा. दुसरा निघाला, तर गिऱ्हाइकाने वाटेत प्लगांची अदलाबदल केली, असं त्याचं म्हणणं. लोक त्याला कानसेन म्हणत आणि तो हे नाव पदवीसारखं मिरवी.

दर रविवारी सकाळी बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर गाड्यांच्या शर्यती लागत. दोन गाड्या शेजारी शेजारी, चारशे मीटर, अगदी नाकासमोर. पंक्चरवाल्याने लाल फडकं खाली टाकलं की सुटायचं. कानसेन एकवीस वर्षं हरला नव्हता, कारण तो फडक्याकडे बघतच नसे. डोळे मिटून शेजारच्या इंजिनाला कान लावी. क्लच सुटताना इंजिनाचा सूर जरासा पडतो, त्या क्षणी हा निघे. "फडकं डोळ्यातून पायापर्यंत जायला वेळ लागतो," तो सांगे, "कान जवळ पडतो." शरीरशास्त्राचा एवढा अभ्यास डॉक्टरांनीही केला नसेल.

त्याची एकुलती एक मुलगी मात्र विजेच्या मोटरचं वाइंडिंग शिकून आली आणि गॅरेजचा भंगाराने भरलेला दुसरा गाळा मागू लागली. तिला तिथे विजेच्या गाड्या दुरुस्त करायच्या होत्या.

"मोटर मिक्सरमध्ये असते," बाप म्हणायचा, "गाडीत इंजिन असतं."

ती समजवायला लागली की हा रेडिओ मोठा करायचा. तिने कागदावर लिहून दिलं, तर ह्याने त्या कागदाला ग्रीसचे हात पुसले. चार वर्षं हे गुऱ्हाळ चाललं. शेवटी तिने परगावच्या नोकरीचं पत्र त्याच्यासमोर ठेवलं.

"अहो, जाईल हं ती," बायको म्हणाली. "मग बसा प्लगांशी गप्पा मारत."

पण 'जाऊ नकोस' हे दोन शब्द उच्चारण्याऐवजी गृहस्थाने मिशीला पीळ भरला. "माझ्याशी शर्यत लाव. जिंकलीस तर गाळा तुझा."

"आणि हरले तर सोमवारी निघते," मुलगी म्हणाली.

रविवारी ती एक टीचभर गाडी घेऊन आली. भंगारातून उचललेली, आत बॅटरी आणि मोटर तिने स्वतः बसवलेली. लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने कानसेन हसला. "झाकण घट्ट लावलंयस ना गं?"

दोन्ही गाड्या रेषेवर आल्या. कानसेनने आपलं इंजिन हळू गुरगुरत ठेवलं, डोळे मिटले, मान कलती केली आणि कान टवकारला. शेजारून काहीच नाही. पोरीने गाडी चालू तरी केलीय का? सांगावं का तिला? पण शर्यतीत कोण सांगतं! आणि बंद गाडीला हरवून पोरीला परगावी धाडायचं, ह्या विचाराने त्याला कसंसंच झालं. थांबू या, तो मनाशी म्हणाला. सूर येईलच.

लोक ओरडायला लागले. आपलाच जयजयकार चाललाय, अशी त्याची समजूत झाली. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. फडकं जमिनीवर पडलं होतं, शेजारची जागा रिकामी होती आणि ती टीचभर गाडी पलीकडच्या टोकाला वळून परत निघाली होती.

लोकांचं नाक कापलं जातं. ह्याचा चारचौघांत कान कापला गेला. हसून हसून पंक्चरवाल्याला ठसका लागला.

मुलगी येऊन शेजारी थांबली, तेव्हाही काही ऐकू आलं नाही. तिने काच खाली केली.

"ही फसवणूक आहे!" कानसेन आपल्या इंजिनाच्या वर आवाज चढवून ओरडला. "अगं, निघताना आवाज तरी द्यायचास!"

"बाबा, चार वर्षं आवाजच देतेय."

किल्लीकडे हात नेऊन कानसेनने स्वतःचं इंजिन बंद केलं.

"बोल," तो म्हणाला.