नव्या कार्डावरचं बटण

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोपुढे एकदा विषय काढायला गेलो आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून मोकळा झालो. तुम्हाला का सांगतोय — तेही धड कळत नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. चिंचवडच्या एका कारखान्यात रिले, म्हणजे विजेनं चालू-बंद होणारे छोटे स्विच, तपासायच्या टेस्ट बेंचवर मी इंजिनिअर होतो. बेंच म्हणजे एक कॉम्प्युटर, काही मीटर आणि सगळ्यांना जोडणारी एकच जाड केबल. तिच्यावरून एका वेळी एकाच यंत्रानं बोलायचं, आणि कुणी कधी बोलायचं हेही एकानंच ठरवायचं. ही मुखत्यारी कुणाची, ते कॉम्प्युटरच्या आतल्या सर्किट-कार्डावरच्या नखाएवढ्या पांढऱ्या बटणांवर असायचं. त्याच केबलवर नुकताच दुसरा कॉम्प्युटर जोडला होता. त्याच्या कार्डावरचं मुखत्यारीचं बटण बंद ठेवायचं, एवढंच पथ्य.

खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळी यंत्रं पुसायचे, मग हार, हळदकुंकू. त्या वर्षी मी भारी उत्साहानं नव्या कॉम्प्युटरचं कार्डही बाहेर काढलं आणि त्यावर ब्रश फिरवला. बटणं हलली. आरती सुरू होत होती, सेक्शनचे साहेब हाका मारत होते — मी अंदाजानं बटणं लावली आणि झाकण बसवलं. नीट बघितलं होतं का? अजून आठवत नाही.

दसऱ्यानंतर बेंच बिघडला. मधेच अडकायचा, चांगले रिले नापास करायचा. बेंचवर काम करायचा शब्बीर — दापोडीचा, प्रोबेशनवरचा. कायम झाला की निकाह, असं घरी ठरलेलं. साहेबांचं मत पडलं की हा केबल जोडताना धसमुसळेपणा करतो. त्यांनी त्याला पॅकिंगला पाठवलं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी झाकण उघडलं. मुखत्यारीचं बटण दोन्ही कार्डांवर चालू! एका घरात दोन कारभारी. मी नव्या कार्डावरचं बंद केलं, झाकण लावलं आणि डबा खायला गेलो. खाल्लाही — पोटभर.

यापुढे माझं डोकं चालत नाही. बेंच सुधारला, म्हणजे भलं केलं ना मी? पण शब्बीर हलला आणि बेंच सुरळीत झाला — साहेबांना आणखी काय पुरावा हवा होता? माझ्या दुरुस्तीनंच त्याच्यावरचा ठपका पक्का केला. हे मला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. मग बोललो का नाही? माझी नोकरी काही जाणार नव्हती. फार तर बोलणी खावी लागली असती. भीती होती, की आळस, की आणखी काही? किती वर्षं शोधतोय, सापडत नाही. लाज तेवढी वाटते, अजूनही.

त्याला कायम केलं नाही. शेवटच्या दिवशी गेटपाशी तो माझ्यासाठी थांबला होता. चिडलेला नव्हता.

"भाऊ, तुम्ही जाणकार. खरं सांगा, माझ्या हातून नेमकं काय चुकत होतं? कळलं तर पुढं तरी सुधारीन."

मी म्हणालो, "केबल जरा हलक्या हातानं लावत जा."

त्यानं आपल्या हातांकडे बघितलं, मान डोलावली, माझे मनापासून आभार मानले आणि सायकलवर बसला. मी त्याला हाक मारली नाही.