अमेरिकेच्या प्रचारात आमची आई

अमेरिकेच्या निवडणुकीवर बुऱ्हाणपुरात बसून तावातावानं बोलणारी बाई बहुधा मी एकटीच असेन. ऐकणारं मात्र कुणी नव्हतं. शेजारच्या वहिनींना एकदा सांगायला गेले, तर त्या मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "ताई, तिथं कोणी बी येवो, आपल्या नळाला पाणी कवा येईल ते बोला ना." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण माझा एकुलता एक भाऊ तिथं राहतो, तिथला नागरिक झालाय, मत देतो. मग ती निवडणूक माझ्याही घरातली झाली की नाही?

शाहपूरच्या शाळेत मी सगळी नोकरी नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवली. आता इतवारा मोहल्ल्यातल्या दोन खोल्यांत मी आणि माझा मोबाइल. निवडणुकीच्या त्या वर्षी सकाळचा चहा झाला की मी तिकडच्या उदारमतवादी मंडळींच्या चर्चा ऐकत बसायचे. इंग्रजी फार भराभर, एकेक वाक्य दोनदा ऐकावं लागायचं. ऐकून झालं की माझं स्वतःचं भाष्य सुरू. कुणापुढं? कढईपुढं, नाहीतर घरच्यांच्या ग्रुपवर.

परंपरावाल्या पक्षाच्या प्रचाराची रीत मला चांगलीच कळली होती. आधी भीती विकायची, मग कुलूप विकायचं. सरहद्दीवरच्या माणसांच्या रांगा दाखवायच्या, मागं काळजात धस्स होईल असं संगीत लावायचं आणि म्हणायचं, बघा, हे उद्या तुमच्या गल्लीत येणार. औषधं महाग का, घरभाडं परवडत का नाही, त्यावर अवाक्षर नाही. आणि मतदान व्हायच्या आधीच सांगून ठेवायचं, आम्ही हरलो तर चोरी झाली समजा. असली पोरं माझ्या वर्गातही होती. पेपर हातात पडायच्या आत 'बाई, हे शिकवलंच नव्हतं' म्हणून मोकळी!

उदारमतवाद्यांचंही मला सगळं पटायचं असं नाही. त्यांना हुशारीचा तोरा फार. लोक घाबरलेत म्हटलं की हे त्यांच्यावर हसणार. घाबरलेल्या पोराला वर्गात हसलं की ते पोर परत तुमच्या बाजूला बसत नाही. एवढं साधं त्यांना कोण सांगणार? मी सांगत होते, पण बुऱ्हाणपुरातून.

भाऊ त्या परंपरावाल्यांच्या बाजूचा निघाला होता. नुसतं मत देऊन गप्प बसणारा नाही, सुट्टीच्या दिवशी तिथल्या भारतीयांना फोन करून प्रचार करणारा. मी ग्रुपवर लिहिलं, "अरे, तूही बाहेरूनच गेलास ना?" तर म्हणे, "मी कागदपत्रं देऊन, रांगेत उभा राहून आलो, ताई." झालं. दार आतून लावणाऱ्याला बाहेरचा पाऊस दिसत नाही.

मग एक दिवस त्यानं ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्याच्या पक्षाचा कुणी पुढारी हसत हसत सांगत होता, ज्या बायकांना मुलंबाळं नाहीत त्यांना देशाच्या उद्याची काय पडलीय. असल्या बायका म्हणे चिडक्या असतात, आणि आपल्या चिडीपायी सगळ्यांचं वाटोळं करतात. समोरची माणसं टाळ्या पिटत होती. खाली भावानं हसरे चेहरे टाकले होते. चुलतभावानं शाबासकीचा अंगठा टाकला.

मला मुलं नाहीत. माझं लग्नच झालं नाही. आई गेली तेव्हा हा दोन वर्षांचा होता आणि मी कॉलेजात. वडील गिरणीत, कधी दिवसपाळी, कधी रातपाळी. मला स्थळं आली नाहीत असं नाही. पण भाऊ माझ्याबरोबर येईल म्हटलं की मंडळी अर्धा चहा टाकून उठायची. मला त्याचं दुःख नव्हतं, खरंच नव्हतं. पोर माझ्याच कुशीत झोपायचं.

मी लगेच फोन लावला. तो हसला. "अगं ताई, ते तुझ्याबद्दल थोडंच आहे! ते इकडच्या बायकांबद्दल आहे."

"हीच तर मेख आहे रे त्यांच्या प्रचारात," मी म्हणाले. "ज्याला त्याला वाटतं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय."

"तू ते फार ऐकत बसतेस. जरा देवळात वगैरे जात जा."

त्यावर मी काय बोलले ते विचारू नका. फोन ठेवला. मग कित्येक आठवडे त्याचा फोन नाही, माझाही नाही. हट्टाला आम्ही दोघं एकाच आईची.

दिवाळी आली. एकट्या माणसानं फराळ करावा तरी किती? तरी मी दराबा केला, आमच्याकडचं रवा-तूप-साखरेचं गोड, फेसून फेसून हात भरून आले, कारण तो त्याला आवडतो. खाणारा सात समुद्रापलीकडं आणि मी इथं डबा भरतेय. गल्लीत फटाके वाजत होते. मला घर इतकं रिकामं कधीच वाटलं नव्हतं.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी चुलतभावानं आणखी एक व्हिडिओ पाठवला. भाऊ एका हॉलमध्ये माईक धरून उभा. समोर आपलीच माणसं, साड्या, जाकिटं. तो इंग्रजीत सांगत होता की देश कुटुंबावर उभा राहतो, कुटुंब आईवर. मग आईची गोष्ट सांगायला लागला. आई पहाटे उठून कणीक मळायची आणि मळता मळता पाढे म्हणवून घ्यायची. सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायची. वाटेत कुत्री मागं लागत, म्हणून आईनं हँडलला छडी बांधून ठेवली होती. एक बाई डोळे पुसताना दिसल्या.

अरे, ती छडी मी बांधली होती! आईला सायकल येत तरी होती का? मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला, कुठंतरी 'बहीण' म्हणेल म्हणून. नाही म्हणाला.

भाऊबिजेला संध्याकाळी मी ताट केलं आणि फोन डब्याला टेकवून उभा केला. दरवर्षी आम्ही असंच करतो, तिकडं तेव्हा सकाळ असते. तो फोन घेईल की नाही, धाकधूक होती. घेतला. टोपी घालून बसला होता, बायकोनं कुंकू लावलेलं. बरं वाटलं. आणि तरी माझ्या तोंडून गेलंच.

"भाषण बघितलं तुझं. त्यातली आई कोण रे?"

तो खाली बघायला लागला. "ताई, प्रचारवाले म्हणाले, आई म्हण. बहीण म्हटलं की लोक विचारत बसतात, तिचं लग्न का नाही झालं, तिला मुलं का नाहीत. आई म्हटलं की लगेच पोचतं."

"मग मी कुठं गेले?"

"असं काय करतेस? तुला माहितेय, मला माहितेय. बास ना."

बास नव्हतं. मला काही मान नको होता, हार नको होता. ती आई नव्हती, ती माझी ताई होती, एवढं त्यानं एकदा कुणापुढं तरी म्हणावं, एवढंच हवं होतं.

तेवढ्यात भाची त्याच्या मांडीवर येऊन बसली. आठ वर्षांची आहे, तिची आई इंदूरची, म्हणून हिंदीत बोलते. "आत्या, आप वो सायकलवाली दादी को जानती थीं? छडीवाली?"

"ती दादी नव्हती, बेटा," मी म्हणाले. "मैं ही थी वो."

पोरीनं माझ्याकडं नीट बघितलं. मग बापाकडं. "पर आत्या, आपके तो बच्चे ही नहीं हैं ना?"

मी भावाकडं बघत राहिले. बोल रे. एक वाक्य. मांडीवर बसलेल्या आपल्याच पोरीला सांगायचंय, इथं कुणाचं मत जाणार नाहीये.

"चल ताई, ओवाळ पटकन," तो म्हणाला. "मला निघायचंय."

एरवी मी फोन आपटला असता, माझा स्वभावच तो. पण त्या दिवशी राग आलाच नाही, नुसतं आत सगळं गार पडलं. मी ताट उचललं, त्याच्या तोंडासमोरून दिवा फिरवला, आणि मनात दरवर्षी म्हणते तेच म्हटलं. देवा, बिनआईचं लेकरू आहे, त्याला सुखी ठेव.