बाबांच्या डाव्या बाजूला

अकोला स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी मी खिडकीतून वाकून बाबांशी बोलत होतो आणि बाबा माझ्याकडे न बघता पुलाच्या जिन्याकडे बघत उभे होते. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी ते पाहिलं आणि माझी समजूत घातली, "बापाचा राग असाच असते बाप्पा. पोचला की फोन कर, निवळते."

तो राग नव्हता, पण मी काकूंना समजावत बसलो नाही. बाबांना फक्त उजव्या कानाने ऐकू यायचं. नीट ऐकायचं असलं की ते उजवा कान बोलणाऱ्याकडे करायचे आणि तोंड आपोआप दुसरीकडे जायचं. जितकं मन लावून ऐकायचं, तितकी पाठ जास्त फिरायची. त्या दिवशी ते पार जिन्याकडे वळले होते.

मी मुंबईला आणि तिथून मेलबर्नला निघालो होतो. शिकायला, दोन वर्षांसाठी, असं घरात ठरलं होतं. आईने मूगवड्या आणि तिखट दिलं होतं. बाबांनी बॅगेभोवती दोरी आवळून फौजेतली गाठ मारली होती. मेलबर्नला उतरल्यावर ती मला सोडवता आली नाही, सुरीने कापावी लागली. हे मी फोनवर सांगितलं नाही. सांगायच्या गोष्टी न सांगण्याची माझी सुरुवात त्या दोरीपासून झाली असं आता वाटतं.

आपल्या मराठी मंडळाच्या अंकात दरवर्षी कुणी ना कुणी गाव सोडल्याचं लिहितं. मी वाचत आलो, लिहिलं कधी नाही. यंदा लिहितोय, कारण ज्यांच्यापासून लपवलं त्यांना सांगून झालं आहे. आता तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुमच्यातले काही माझ्यासारखे निघून आलेले आहेत, आणि काहींच्या घरून असं कुणीतरी निघून गेलेलं आहे.

बाबा तोफखान्यात होते. एकाहत्तरच्या लढाईत पश्चिमेकडच्या सीमेवर त्यांचा डावा कान गेला. आम्ही लहानपणी विचारायचो, लढाईत तुम्ही काय केलं? "गोळे उचलले. जड राह्यते." मग? "मंग अजून उचलले." याच्या पुढे ती लढाई आमच्या घरात कधी सरकली नाही. कानाचं मात्र ते सांगायचे. आत सतत शिट्टीसारखं काहीतरी वाजत राहायचं, त्याला ते रातकिडा म्हणायचे. "ह्या कानात रातकिडा राह्यते. भाडं देत नाही अन् निंघतबी नाही." मी आणि माझी धाकटी बहीण सुनी, आम्ही मागून त्यांच्या डाव्या कानाला कान लावायचो. सुनीला तो ऐकू यायचा. मला कधी आला नाही, पण मी आला म्हणायचो.

फौजेतून आल्यावर ते अकोल्यात एका बँकेच्या दारावर बंदूक घेऊन उभे राहायला लागले. बाकीचा सगळा माणूस आमचा होता. सुनीच्या वेण्या तेच घालायचे, इतक्या घट्ट की तिच्या भुवया वर जायच्या. आईला टायफॉइड झाला तेव्हा भाकरी त्यांनी थापल्या आणि आई अंथरुणातून म्हणाली, "माह्यापेक्षा गोल येऊन राह्यल्या, हे काही बरं नाही."

घर त्यांच्या उजव्या बाजूला वसलेलं होतं. जेवायला ते डावीकडच्या भिंतीला टेकून बसायचे आणि आम्ही सगळे उजवीकडे. जीपमध्ये ते नेहमी डावी खिडकी धरायचे. आमचा एक स्टुडिओतला फोटो आहे, त्यात बाबा एका कडेला आणि आम्ही तिघं त्यांच्या एकाच बाजूला. फोटोग्राफर ओरडत होता, "फौजीसाहेब, मधात या ना!" बाबा म्हणाले, "मधात आलो तं हे काय बोलून राह्यले ते अर्धंच ऐकू यील." उजव्या बाजूसाठी मी आणि सुनी भांडायचो. डाव्या बाजूला कुणी जाऊन बसत नसे, अगदी पाहुणेसुद्धा. तसं शिकवावं लागलं नव्हतं.

दोन वर्षांची पुढे नोकरी झाली, नोकरीवरून पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाला, लग्न झालं, ईरा झाली. सबर्बमध्ये घर घेतलं, बॅकयार्डवालं. इथे शनिवारी लॉन कापायचं, रविवारी दुपारी अकोल्याला फोन करायचा. पूर्वी कॉलिंग कार्ड असायचं आणि आई सगळं बोलून घ्यायची. व्हिडिओ कॉल आले तेव्हा वाटलं, आता बाबा दिसतील. दिसला तो त्यांचा कान. सुनी फोन समोर धरायची आणि ते ऐकण्यासाठी लगेच वळायचे. कित्येक वर्षं रविवारी मी एक कान, वरचे पांढरे होत गेलेले केस आणि पलीकडची कॅलेंडरची भिंत बघत आलो. ईरा लहान असताना चित्रात आजोबांचा नुसता कान काढायची. आम्ही हसायचो. खरं सांगायचं तर मला ते सोयीचं होतं. डोळ्यांत बघून बोलावं लागत नव्हतं.

मग इथल्या नागरिकत्वाची वेळ आली. आपल्याकडे दोन देशांचं नागरिकत्व चालत नाही, हे घेतलं की तो पासपोर्ट परत करायचा. बायकोची हरकत नव्हती. ऑफिसातल्या सगळ्यांनी घेतलं होतं. सबळ कारणं होती आणि ती मी स्वतःला इतक्या वेळा सांगितली की पाठ झाली. पण ज्या माणसाचा एक कान त्या देशापायी गेला, त्याला हे कसं सांगायचं ते मला सुचेना.

त्या हिवाळ्यात मी अकोल्याला एकटा गेलो, सांगायचं ठरवूनच. बाबा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. डावीकडची भिंत सोडून उन्हासाठी मधोमध आले होते, म्हणून दोन्ही बाजू मोकळ्या होत्या. मी गेलो आणि डावीकडे बसलो. चुकून नाही. पायरी उतरतानाच माझं ठरलं होतं. तिथे बसून, शेंगा सोलत, नेहमीच्या आवाजात मी सगळं सांगितलं. तिकडचं नागरिकत्व घेतोय, पासपोर्ट परत देणार आहे, आता कायमचं येणं होईलसं वाटत नाही, माफ करा. बाबा समोर बघत सोलत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी टोपल्यातले मूठभर हिरवे दाणे माझ्या हातात ठेवले. मी ते खाल्ले.

परतताना मी सुनीला म्हणालो, बाबांशी बोलणं झालं. खोटं नव्हतं. याहून वाईट खोटं मी कधी बोललेलो नाही.

इथल्या काउन्सिलच्या हॉलमध्ये शपथ झाली. चहा, केक, आणि प्रत्येकाला एक इकडचं रोप. मी ते बॅकयार्डमध्ये लावलं. पुढे व्हिडिओवर बाबांनी ते पाहिलं. ईराने फोन बागेत फिरवला तेव्हा क्षणभर त्यांचं तोंड वळलं. "ते झाड कायचं हाये?" मी म्हणालो, "असंच, इकडचं." त्यांनी पुन्हा कान फिरवला. नंतरच्या प्रत्येक भेटीत माझा निळा पासपोर्ट बॅगेच्या तळाशी, टॉवेलमध्ये गुंडाळलेला असायचा. जुनाही निळाच होता, उघडून बघितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं. तरी गुंडाळायचो.

मागच्या दिवाळीनंतर सुनीचा फोन आला. ती अमरावतीला असते, रविवारी अकोल्याला येऊन जाते, बाबांना तिकडच्या कानाच्या डॉक्टरकडे तीच नेते. म्हणाली, "दादा, उजवाबी चालला. वयानं. मशीन देल्ली त्यायनं, पण ते म्हंते थोड्या दिवसांचं काम हाये. तुले जे बोलाचं ते येऊन बोलून घे." तिला काही ठाऊक नव्हतं. पण मी फोन ठेवून बॅकयार्डमध्ये जाऊन बसलो. डावा कान मी वापरून टाकला होता. आता उजवा गेला, तर सांगायला बाबांचा कानच उरणार नव्हता.

जानेवारीत गेलो. सव्वीस तारखेला बाबा दर्यापूरजवळच्या आमच्या गावी जातात. शाळेत झेंडा त्यांच्या हातून लागतो. यंदा मला म्हणाले, "चाल." मुख्याध्यापकांनी माइकवर सांगितलं की फौजीकाकांचे चिरंजीव परदेशात राहून देशाची सेवा करत आहेत. टाळ्या झाल्या. बाबांनी पोरांकडे बघून टाळ्या ओळखल्या आणि हसले. राष्ट्रगीत त्यांना ऐकू येत नव्हतं. सॅल्यूट ठोकून ते पहिल्या ओळीतल्या मुलींच्या ओठांकडे बघत होते, आणि ओठ थांबले तेव्हा हात खाली आला. मीही गायलो. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नंतर बाबांचे बालमित्र बबनकाका भेटले. "काहून रे, तिकडं कांगारू वावरात घुसते म्हंते, खरं हाये काय?"

"घुसते काका."

"मंग काय फायदा लेका एवढ्या लांब जाऊन? इथं रोही घुसून राह्यले, तिथं कांगारू. कायमचा कदी येतं?"

माझ्याआधी बाबाच बोलले. त्यांना प्रश्न कसा कळला ठाऊक नाही. "आता आला ना. पुरे कर बबन."

दर्यापूरच्या स्टँडवर अकोल्याच्या जीपमध्ये सीट भरायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो. गर्दीत मला डावीकडची जागा मिळाली होती. मी उठलो, बाबांना ओलांडून पलीकडे गेलो, एका बाईला टोपलं सरकवायला लावलं आणि उजवीकडे बसलो. त्यांनी कान दिला, तोंड रस्त्याकडे गेलं. मी सांगायला लागलो.

"काय?"

मी आवाज वाढवला.

"मोठ्यानं बोल. मशीन शिट्टी मारून राह्यली."

मग मी ओरडलो. सव्वीस जानेवारीला, दर्यापूरच्या भर स्टँडवर, खिशाला झेंडा टोचलेल्या माणसांच्या मध्ये मी ओरडून सांगितलं, "बाबा, मी आता भारताचा नागरिक नाही! केव्हाच झालो तिकडचा! तुम्हाला सांगितलं नव्हतं!"

टोपलंवाली बाई बघायला लागली. जीपवाला तंबाखू मळायचा थांबला. "काका, हे काय म्हणून राह्यले?"

"घरची गोष्ट हाये," बाबा म्हणाले. "तू सीटा भर."

जीपमध्ये त्यांनी डावी खिडकी धरली आणि उजवीकडच्या सीटवर हात थोपटला. गाडी दर्यापूर सोडून कपाशीच्या वावरांमधून निघाली. मग ते बोलले. त्यांना स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्याने तेही ओरडतच होते.

"मले ठाऊक होतं."

"कुणी सांगितलं? ऐकू आलं होतं तेव्हा?"

"ऐकू कुठचं येते? पण तू ह्या बाजूनं येऊन बसला." त्यांनी डाव्या खांद्यावर हात मारला. "जल्मात कदी बसला होता ह्या बाजूनं? चांगली गोष्ट कोणी ह्या कानात सांगते काय? कायची गोष्ट हाये ते मंग समजते हळूहळू. तुले ऐकवाचं नव्हतं, म्हून मीबी ऐकलं नाही. दाणे देल्ले."

पुढच्या सीटवरचा माणूस खिडकीबाहेर बघायला लागला, आपल्या कानावर काही पडत नाही असं दाखवायला.

"वाईट वाटलं का बाबा?"

हे त्यांना लगेच ऐकू आलं.

"वाटलं." त्यांनी मशीन कानात दाबली. "पासपोर्टाचं नाही. म्या काय पासपोर्टासाठी गोळे उचलले? माणसाले जिथं पोट भरते तिथं तो राह्यते. पण माह्या घरात कोणी त्या बाजूनं बसत नव्हतं रे. तू बसला."

मी त्यांच्या उजव्या खांद्याला खांदा लावून अकोल्यापर्यंत बसून राहिलो. स्टँडवर उतरल्यावर त्यांनी चहा मागवला आणि जीपवाल्याला फौजेतल्या हिंदीत सांगितलं की लडका उधर रहता है, गला थोडा बैठ गया है.

हे वाचून तुम्हाला वाटेल, बापाने माफ केलं, संपलं. माझ्यासाठी संपलेलं नाही. ती सगळी वर्षं ते दर रविवारी कान देऊन बसले, मी आज तरी सांगेन म्हणून. आणि मी त्यांना लॉनबद्दल सांगत होतो.

परत आल्यावर महिनाभरात उजवा कानही गेला. मशीन डबीत गेली. पहिल्या रविवारी फोन लावताना मला धाकधूक होती, आता बोलणार काय? सुनीने फोन समोर धरला आणि बाबा वळले नाहीत. कानाचा उपयोगच उरला नाही, तर वळतील कशाला? ते सरळ स्क्रीनकडे, माझ्या ओठांकडे बघत बसले. इतक्या वर्षांनी मला त्यांचं पूर्ण तोंड दिसलं. केवढे म्हातारे झाले आहेत. डाव्या भुवईवर एक पांढरा केस वर उभा राहतो, तो मला माहीतच नव्हता.

हळू बोलावं लागतं, समोर बघून. गंमत म्हणजे ईराचं इंग्रजी वळणाचं मराठी त्यांना पूर्वी कळत नसे, आता कळतं. ओठांना अॅक्सेंट नसावा. मागे तिने त्यांना ते झाड दाखवलं आणि ते कुणी, कधी दिलं ते सगळं सांगितलं. बाबांनी विचारलं, "पाणी टाकता ना?"

घर म्हणजे काय असं कुणी विचारलं तर पूर्वी मी अकोल्यातला तो ओटा सांगितला असता, किंवा इथला पत्ता. आता रविवारची ती वेळ सांगेन. तिथे बसायला डावी-उजवी बाजू राहिलेली नाही, समोरच बसावं लागतं. गेल्या रविवारी आईच्या गुडघ्याचं बोलता बोलता मला भरून आलं. सवयीने मी हनुवटीवर हात ठेवला, बोटं ओठांवर आली. बाबा पुढे वाकले. अकोल्याहून ओरडले,

"हात काढ तोंडावरचा. काय म्हणून राह्यला, दिसत नाही मले."